निदान

यंत्र बिघडले असता ज्यांना त्यातले काहीच कळत नाही ते लोक मोठे सुखी असतात. ते मिस्त्रीला बोलावतात, पैसे देतात आणि मोकळे होतात. खरी पंचाईत होते ती यंत्राविषयी पुस्तके वाचलेल्या माणसाची. त्यातून तो तर्कशास्त्राचा अध्यापक असला तर विचारूच नये. गेली तीस वर्षे मी डोंगरावरील धूर दाखवून मुलांकडून अग्नीचे अनुमान करवीत आलो आहे. कार्यावरून कारण कसे शोधावे यासाठी मिल्लने १८४३ साली ज्या पद्धती सांगितल्या, त्या मला झोपेतही म्हणता येतील. अशा माणसाला आपल्या दारातली मोटार का सुरू होत नाही हे सांगता येऊ नये, ही गोष्ट विद्यार्थ्यांच्या कानावर न गेलेली बरी. वाचकांना सांगतो आहे ते त्यांच्या सौजन्यावर भरवसा ठेवून.

मोटार म्हणजे आमची १९६७ सालची फियाट. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडलेली ही गाडी. चार सिलिंडर, १०८९ घनसेंटिमीटरचे इंजिन आणि चाकाशेजारच्या दांड्यावर गिअर. हिच्या आधीची जी फियाट, जिचे पुढले दरवाजे उलट्या बाजूने उघडत, तिला आपल्याकडे ‘डुक्कर फियाट’ म्हणत. आमची त्यानंतरची, अंमळ कोनदार बांध्याची. पुढे हिच्याच धाकट्या बहिणीला पद्मिनी हे राजघराण्यातले नाव मिळाले. मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस निवृत्त झाली, तेव्हा बाबांनी ती बातमी मला मोठ्याने वाचून दाखविली, आणि वर्तमानपत्राची घडी नेहमीपेक्षा अधिक काळजीपूर्वक घातली.

बाबांनी ही गाडी १९७१ साली धंतोलीतल्या एका डॉक्टरांकडून विकत घेतली. त्या काळी नवी मोटार हवी तर नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे, आणि नव्या वकिलाला तेवढा धीर नसतो. माझा जन्म आदल्या वर्षीचा. म्हणजे घरातल्या ज्येष्ठतेत मी तिच्याहून एका वर्षाने वडील. पण बाबांच्या वागण्यावरून कोणाला तसे वाटले नसते. कोर्टातून आल्यावर ते आधी तिच्या काचा पुसत, आणि मग माझी पाटी पाहत.

आता बाबांचे वय सत्त्याऐंशी आहे. उच्च न्यायालयातले तीस वर्षांपूर्वीचे खटले त्यांना कलमांसह आठवतात. सकाळी चहा घेतला की नाही हे मात्र विचारावे लागते. गाडी चालविणे त्यांनी केव्हाच सोडले. मीही तिला महिन्यातून एकदा महाराजबागेपर्यंत फिरवून आणतो, ती केवळ गंज चढू नये म्हणून. पन्नास वर्षांहून जुन्या आणि मूळ रूपात राखलेल्या गाड्यांसाठी सरकारने २०२१ साली वेगळ्या नोंदणीचे नियम केले, तेव्हापासून अशा गाड्यांचे शौकीन गावोगाव चौकशी करीत फिरत असतात. त्या नोंदणीखाली गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. प्रदर्शनापुरती, मिरवणुकीपुरती काढावी. पुण्याच्या अशाच एका गृहस्थांनी बरी किंमत देऊ केली. घराचे छप्पर गळत होते. मी होकार दिला. बाबांना काय सांगावे याचा विचार मी पुढे ढकलला, आणि तो पुढे ढकलण्याला मी मनाशी ‘योग्य वेळ पाहणे’ असे नाव दिले.

रविवारी सायंकाळी पाच वाजता ते गृहस्थ गाडी न्यायला यायचे होते. मे महिना. आदल्या दिवशी पारा पंचेचाळीसच्या वर गेला होता. नागपूरकराला आपल्या उन्हाचा थोडा अभिमानच असतो. २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंश झाले होते, हे आम्ही पाहुण्यांना पन्ह्याबरोबर ऐकवतो. ३० मे २०२४ रोजी तर इथल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंशांचा आकडा दाखविला, आणि साऱ्या शहराला धन्य वाटले. पुढे निष्पन्न झाले ते असे की बिघाड हवेत नसून यंत्रात होता. निष्कर्ष आवडता असला म्हणजे साधन तपासून पाहण्याची बुद्धी कोणालाच होत नाही. हे वाक्य मी वर्गात अनेकदा उच्चारले आहे.

तर रविवारी सकाळी सात वाजता, गाडी एकदा चालवून पाहावी म्हणून मी किल्ली फिरविली. सेल्फ झोकात फिरला. बॅटरी ठणठणीत होती. पण इंजिनाने एकदाही हुंकार दिला नाही. एरवी आमची फियाट कुरकुरते, खोकते, मग कामाला लागते. त्या दिवशी ती संपूर्ण मौनात होती. मी दहा वेळा प्रयत्न केला. मग खाली उतरलो, बॉनेट उघडले, आणि निदान केले.

माझे निदान असे : पेट्रोल उकळले आहे. ही नागपूरच्या उन्हाळ्यातली जुनी व्याधी. या गाडीत पेट्रोल ओढणारा पंप इंजिनाच्याच अंगाला जखडलेला असतो. इंजिन तापले की पंप तापतो, नळीतल्या पेट्रोलची वाफ होते, आणि द्रवासाठी घडविलेला पंप ती वाफ पुढे ढकलू शकत नाही. लहानपणी वर्धेला जाताना बुटीबोरीच्या अलीकडे हे नेमाने घडे. बाबा खिशात कांदा बाळगून, डोक्याला उपरणे गुंडाळून खाली उतरत, पुढे टांगलेल्या छागलेतल्या पाण्याने फडके भिजवीत आणि पंपावर ठेवीत. आम्ही बाभळीच्या विरळ सावलीत उभे राहत असू. पाऊण तासाने गाडी समजूत पटल्यासारखी सुरू होई. त्या फडक्याची स्मृती इतकी ठसठशीत होती, की मी स्वयंपाकघरातून एक फडके आणले आणि भिजवून पंपावर ठेवले. आमच्या मिस्त्रींना फोन केला तो केवळ खबरदारी म्हणून.

मिस्त्री आले. त्यांनी फडक्याकडे पाहिले.

“सर, रात्री गाडी चालवली होती काय?”

“नाही. आठ दिवस पोर्चमध्येच उभी आहे.”

“मग पेट्रोल उकळलं कधी?”

या प्रश्नाला उत्तर नव्हते. थंड इंजिन, सकाळची सावली, आणि मी वाफेची चिकित्सा करीत होतो! पण विद्वान माणसाचा एक सिद्धांत पडला की दुसरा तयार असतो. मी म्हटले, की मग हा इथेनॉलचा प्रताप असला पाहिजे. पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल असते. जुन्या गाड्यांतले रबर त्यासाठी केलेले नाही. ते फुगते, मऊ पडते. तेव्हा पंपातला रबरी पडदा फाटला असणार. यात खोटे काही नव्हते. अशा गाड्यांचे तसे होते, आणि तो पडदा आज ना उद्या बदलावा लागणार आहेच. मी तर संपादकांना पाठवायच्या पत्राचा पहिला परिच्छेदही मनात जुळविला होता.

मिस्त्रींनी वाद घातला नाही. त्यांनी कार्ब्युरेटरकडे जाणारी नळी सोडविली, तिच्या तोंडाशी एक डबा धरला आणि मला सेल्फ मारायला सांगितले. डब्यात पेट्रोलची चिळकांडी उडाली; पुन्हा उडाली. पडदा शाबूत होता. माझे पत्र तिथेच निकालात निघाले.

“आता करंट पाहू,” ते म्हणाले.

यापुढचे पाचदहा मिनिटांचे काम मी वर्गात शिकवावे इतके सुंदर होते. एक प्लग काढून, त्याची तार त्याला तशीच जोडून त्यांनी तो इंजिनावर टेकविला : ठिणगी नाही. दुसरा, तसेच. मग कॉइलमधून निघून डिस्ट्रिब्युटरच्या डोक्यात शिरणारी मधली तार त्यांनी उपटली आणि तिचे टोक इंजिनापासून बोटाच्या पेरापेक्षा कमी अंतरावर धरले. मी किल्ली फिरविताच चट् चट् करीत निळ्या ठिणग्या उडाल्या. म्हणजे बॅटरीचे बारा व्होल्ट कॉइलमध्ये जाऊन त्यांचे हजारो होत होते. पॉइंट बरोबर उघडत होते. कंडेन्सर जिवंत होता. इतक्या साऱ्या संशयितांची एका ठिणगीने निर्दोष सुटका! वीज मधल्या तारेपर्यंत येते आणि एकाही प्लगपर्यंत पोचत नाही. आता उरले झाकण, त्यातला रोटर आणि प्लगच्या चार तारा.

“चारही तारा एका रात्रीत मरत नाहीत,” मिस्त्री म्हणाले, आणि त्यांनी झाकणाच्या चापा उघडल्या.

आत रोटर नव्हता.

बिघडलेला नव्हता, तडकलेला नव्हता; नव्हताच. सुपारीपेक्षा जरासा मोठा, काळ्या बॅकेलाइटचा, डोक्यावर पितळेची पट्टी असलेला हा तुकडा मधल्या दांड्यावर बसून फिरतो, आणि पहिला, तिसरा, चौथा, दुसरा या क्रमाने एकेका सिलिंडरला त्याच्या वाट्याची ठिणगी वाढतो. पंगतीतला वाढपीच पळाला होता. पोटात अन्न तयार, पाने मांडलेली, आणि वाढायला कोणी नाही.

“कोणी काढला असेल?” मी विचारले.

मिस्त्रींनी घराच्या दाराकडे पाहिले, आणि मग फार मन लावून हात पुसायला सुरुवात केली. “बाजारात मिळते सर, दोन-अडीचशेत. आणू काय?”

मी थांबा म्हटले. मला आठवले होते. सत्तरीच्या दशकात आमच्या आळीतली एक मोटार चोरीला गेली, आणि त्यानंतर कित्येक वर्षे बाबा रोज रात्री हा तुकडा काढून घरात आणीत असत. मला वाटे, ती गाडीची किल्लीच आहे.

बाबा मागच्या व्हरांड्यात आरामखुर्चीवर बसले होते. कूलरची घरघर चालली होती. शेजारच्या तिवईवर त्यांचा पितळी पानाचा डबा होता. दात गेल्यापासून पान सुटले. डब्यात आता पावत्या, चष्म्याच्या काड्या, जुनी नाणी असा संसार असतो. मी उगाच कपाटाशी घुटमळू लागलो. काय विचारावे? रोटर मागायचा तर गाडी कशाला हवी हे सांगायचे, आणि तेवढेच तर आठ दिवस मी सांगितले नव्हते.

“काय शोधून राहिला रे?” त्यांनी विचारले.

“काही नाही. गाडी सुरू होत नाही.”

“होणार नाही,” बाबा शांतपणे म्हणाले. “काल दिवेलागणीला फाटकाशी दोघे जण तिला न्याहाळून पाहत होते. एकाने खाली वाकून नंबर पाहिला. हळू आवाजात बोलत होते. चांगल्या कामाला आलेला माणूस हळू बोलत नाही.”

ते दोघे म्हणजे पुण्याच्या गृहस्थांचा माणूस आणि मी. बाबा झोपले आहेत अशा समजुतीने मीच त्याला हलक्या आवाजात गाडी दाखविली होती. अंधुक उजेडात बाबांनी मला ओळखले नाही. निदान, ओळखले असे ते म्हणाले नाहीत. त्यांच्याजवळ जेवढा पुरावा होता तेवढ्यावरून त्यांनी काढलेला निष्कर्ष मला कोणत्याही दृष्टीने खोडता आला नाही. काठी टेकीत, अंधारात पोर्चपर्यंत जाऊन, बॉनेट उचलून, दोन चापा उघडून हा तुकडा काढणे त्यांच्या हातांना कसे साधले असेल, याचेच मला नवल वाटत राहिले.

त्यांनी डबा उघडला. जिथे पूर्वी चुन्याची डबी असे त्या कप्प्यातून रुमालात गुंडाळलेला रोटर काढून माझ्या हातावर ठेवला. “लाव. पण रात्री आठवणीने काढ.”

मिस्त्रींनी तो बसविला. पहिल्याच सेल्फला गाडी कुरकुरली, खोकली आणि सुरू झाली. आतून बाबांच्या काठीचा एकच ठोका ऐकू आला. मी तिला पंधरा मिनिटे तशीच चालू ठेवली. मिस्त्रींनी पेट्रोलच्या भावाची आठवण करून दिल्यावर बंद केली. मग झाकण उघडायचे कसे ते त्यांच्याकडून शिकून घेतले, आणि रोटर काढून खिशात टाकला. त्यांनी काही विचारले नाही. फडक्याचे मात्र काय करायचे ते विचारले.

पाचाला पुण्याचे गृहस्थ आले. मोठे सज्जन होते. त्यांना मी फाटकाशीच गाठून, पूर्ण आवाजात सांगितले की गाडी सुरू होत नाही, आणि ती तशा अवस्थेत द्यायची माझी इच्छा नाही. शब्दश: पाहिले तर यात काही असत्य नव्हते. त्यांनी हळहळून बॉनेटवर हात ठेवला.

“इथेनॉल, प्रोफेसरसाहेब,” ते म्हणाले. “दुसरे काही नाही. पंपाचा पडदा गेला असणार.”

माझेही सकाळी अगदी तेच मत होते, असे मी त्यांना सांगितले.