किती लांब?

मुलगी सॅन फ्रान्सिस्कोला राहावयास गेल्यापासून आमच्या साताऱ्याच्या घरात भूगोलाचे वेड शिरले आहे. पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून मोजले तर दिल्लीचा विमानतळ तिथल्या विमानतळापासून सुमारे १२,४०० किलोमीटर. भिंतीवरच्या नकाशात अमेरिका डाव्या हाताला. बघणाऱ्याचे बोट आपोआप युरोप, अटलांटिक असे सरकते. दोरा मात्र उत्तर ध्रुवाच्या जवळून जातो!

पण विमान काही दोऱ्यावरून चालत नाही. एअर इंडियाने डिसेंबर २०१५ मध्ये दिल्लीहून तिकडे थेट विमान सुरू केले, ते अटलांटिकवरून. ऑक्टोबर २०१६ मध्ये तेच पूर्वेला, पॅसिफिकवरून नेले. वाट १,४०० किलोमीटरांनी वाढून १५,३०० झाली, आणि वेळ जवळजवळ दोन तासांनी कमी! आमचे शेजारी म्हणतात, पृथ्वी फिरते ना, म्हणून. छे! पृथ्वीबरोबर हवाही फिरतेच की! खरी करामत वाऱ्याची. उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा प्रवाह असतो. तो पाठीशी आला की लांबची वाट जवळची होते.

घड्याळाची गंमत तर विचारूच नका. उन्हाळ्यात ते गाव आपल्या साडेबारा तास मागे. दिल्लीहून रात्री अडीचला निघा, पंधरा तास उडा, उतरताना तिथे त्याच तारखेचे पहाटेचे पाच! येताना मात्र व्याजासकट वसुली. जानेवारी २०२१ मध्ये कॅप्टन झोया अगरवाल आणि त्यांच्या सहकारी स्त्रिया सॅन फ्रान्सिस्कोहून ध्रुवावरून बेंगळूरला आल्या. निघाल्या ९ तारखेच्या रात्री, पोचल्या ११ तारखेच्या पहाटे.

हे सारे मी आईला मोठ्या हौसेने सांगत होतो. तिचे वय ८६. किलोमीटर तिने कधीच मनावर घेतले नाहीत. सुपारी कातरता कातरता तिने विचारले, "तिला आज कळवलं, तर घरी कधी पोचेल?"

मी बोटे मोजू लागलो. तिकीट मिळायला हवे. मग दिल्लीपर्यंत सोळा तास, तिथे ताटकळणे, पुण्याचे विमान, पुढे खंबाटकी घाट. सगळे जमले तरी तीस तास. एरवी दोन दिवस.

"म्हणजे दुसरा दिवस उजाडणार," ती म्हणाली.

एवढ्या वेळात कशासाठी पोचायचे, हे तिने सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. अडकित्ता चालूच होता.

"मग तिच्यासाठी थांबायचं नाही. कुणी कितीही म्हणालं तरी. माणूस घरात ठेवून घेऊ नये."

मी गप्प. तिने कातरलेली सुपारी डबीत भरली, झाकण लावले.

"आणि तिला म्हणावं, रजा मिळत असेल तर मे महिन्यातच ये. आंबे असतात."

त्याच रात्री मी फोन केला. तिकडे सकाळ होती.