कराटेचा क्लास आणि आजीची तपासणी

नातीला कराटेला घालायचं हे सूनबाईंनी ठरवलं आणि क्लास शोधायचं काम माझ्याकडे आलं. नोकरीत असताना विस्तार अधिकारी मागच्या बाकावर बसून माझे पाठ तपासायचे. आता तोच मान आपल्याला मिळतोय म्हटल्यावर मी कशाला सोडते!

नात नऊ वर्षांची. बोलताना अडखळते, त्यामुळे कुणी काही बोललं-केलं तरी घरी येऊन सांगत नाही. म्हणून शिकवणारा माणूस कसा आहे, हे मला आधी पाहायचं होतं. शोतोकान की गोजू-र्‍यू, हा प्रश्न नंतरचा.

पहिला क्लास एका सोसायटीच्या हॉलमध्ये. भिंतभर ट्रॉफ्या. दर तीन महिन्यांनी पट्ट्याची परीक्षा, तिची फी वेगळी, प्रमाणपत्राची आणखी वेगळी. "दोन वर्षांत ब्लॅक बेल्ट, आजी!" असं आश्वासनही मिळालं. तेवढ्यात एक गुटगुटीत मुलगा चुकला. सर त्याला म्हणाले, "काय रे बटाटावड्या!" सगळी हसली. तोही हसला. असं हसणारी मुलं मी ३५ वर्षं वर्गात पाहिली आहेत. वर पालकांना फक्त पहिल्याच दिवशी बसू देतात म्हणे. मी चपला घातल्या नि निघाले.

घरी येऊन थोडं वाचलं. जपानच्या मुख्य भूमीवर कराटे रुजवणारे फुनाकोशी गिचिन हे ओकिनावाचे, आणि पेशाने प्राथमिक शिक्षक! (मला उगाचच अभिमान वाटला.) १९२२ मध्ये ते प्रात्यक्षिक दाखवायला तोक्योला गेले नि तिथेच राहिले. काळे पट्टे त्यांनी १९२४ मध्ये द्यायला सुरुवात केली, तीही ज्युदोच्या कानो जिगोरोंची पद्धत उचलून. म्हणजे पट्ट्यांच्या आधीही कराटे होतंच की. मग तीन-तीन महिन्यांची घाई कुणासाठी?

दुसरा क्लास नगरपालिकेच्या शाळेच्या पटांगणात. इथे मी पूर्ण तास बसले. एका मुलीचं कोपर चुकत होतं. सर आधी म्हणाले, "हात लावून दाखवू का?" तिने मान हलवल्यावरच कोपर सरळ केलं. एका मुलाला कुमिते, म्हणजे समोरासमोरची लढत, नको होती. त्याच्या हातात स्टॉपवॉच दिलं, वेळ मोज म्हणाले. ब्लॅक बेल्टला किती वर्षं, असं मी मुद्दाम विचारलं. "नियमित आली तर पाच-सहा. पण बरीच मुलं त्याआधीच सोडतात." आणि कुणाला डोक्याला लागलं तर? "त्या दिवशी खेळ बंद. घरी फोन आणि डॉक्टरांकडे."

मुलं एका सुरात मोजत होती... इची, नी, सान, शी, गो. अडखळणाऱ्या मुलांची जीभ समूहात बऱ्याचदा मोकळी होते, शाळेत प्रार्थनेच्या वेळी मी हे पाहिलंय. माझ्या शेजारी नातीचे ओठ हलत होते. मी तिच्याकडे बघितलं नाही. बघितलं की थांबते ती.

सूनबाईंना अंतर जास्त वाटतंय, रिक्षाचे पैसेही होणार. म्हणून सध्या एकाच महिन्याची फी भरलीय. महिनाभर मी रोज पायरीवर बसणार, असं सरांना सांगून टाकलं. ते म्हणाले, "बसा की आजी. बसायला काहीतरी आणा मात्र, संध्याकाळी पायरी गार पडते."