मौनानंतरचा सूर

व्यापारी घरांत एक अनुभव सर्वांच्या परिचयाचा असतो. पहिले दुकान उत्साहावर उभे राहते, दुसरे मात्र हिशेबावर तपासले जाते. पहिल्या वेळी लोक म्हणतात, “पोराने धाडस केले.” दुसऱ्या वेळी तेच लोक विचारतात, “पहिल्यासारखे चालेल का?” आमच्या लोणावळ्यात चिक्कीच्या धंद्यात हे नित्य पाहावयास मिळते. गूळ-शेंगदाण्याच्या चिक्कीवर नाव कमावलेल्या दुकानाने काजूची किंवा खोबऱ्याची चिक्की कितीही निगुतीने केली, तरी गिऱ्हाईक आधी जुनीच मागते आणि नवीचा तुकडा चाखताना मनोमन जुनीशीच ताडून पाहते. पहिल्या यशाचा हा असा दुहेरी स्वभाव आहे. ते पत मिळवून देते आणि त्याच वेळी मोजपट्टीही ठरवून टाकते.

मावळ तालुक्यात बँकेच्या नोकरीत बराच काळ कर्जखाती पाहिल्यामुळे माझे लक्ष या दुसऱ्या पावलाकडे अधिक जाते. आज मात्र विषय व्यापाराचा नाही. पहिल्याच गाण्याने लोकांच्या ओठांवर आलेल्या, मग काही काळ दिसेनाशा झालेल्या आणि नवे गाणे घेऊन परतलेल्या गायिकांचा आहे. हा विषय आपल्या घरांपासून दूरचा वाटेल. परंतु तो तसा नाही, हे सांगण्यासाठीच हा लेख.

1995 हे वर्ष आठवावे. द्रुतगती मार्ग तेव्हा झालेला नव्हता. मुंबई-पुण्याची सारी वाहतूक लोणावळ्याच्या बाजारपेठेतून जाई. गाड्या चहा-वड्यासाठी थांबत, आणि चिक्कीबरोबर ध्वनिफितीही खपत. त्या वर्षी दुकानादुकानांतून एक गाणे अखंड वाजत होते. ‘मेड इन इंडिया’. गायिका अलिशा चिनॉय, संगीत बिद्दू यांचे, आणि दूरचित्रवाणीवरील त्याच्या चित्रफितीत आपले मिलिंद सोमण. गल्ल्यावर बसलेल्या तरुणांना वाटे, ही कोणी नवी गायिका उदयाला आली. वास्तविक अहमदाबादच्या गुजराती कुटुंबातील या गायिकेचा ‘जादू’ हा पहिला संग्रह 1985 मध्येच आला होता. 1987 च्या ‘मिस्टर इंडिया’मध्ये किशोरकुमारांबरोबर त्यांनी गायिलेले गीतही गाजले होते. ज्याला लोकांनी आरंभ समजले, ते दहा वर्षांनंतरचे पुढचे पाऊल होते. पुढे पुन्हा बराच काळ त्यांचे नाव मागे पडले आणि 2005 मध्ये ‘बंटी और बबली’तील ‘कजरा रे’ने तो आवाज घराघरांत परत आणला. त्या गीतासाठी त्यांना फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. आपल्या लग्नांतील संगीत-संध्येला आजही हे गाणे वाजल्यावाचून राहत नाही.

त्याच 1995 मध्ये गोव्यात याहून मोठी घटना घडली. लॉर्ना कोर्देरो हे नाव कोंकणी संगीतात मानाचे आहे. संगीतकार आणि ट्रम्पेटवादक ख्रिस पेरी यांच्या वाद्यवृंदात त्या मुंबईत गात. 1970 च्या दशकाच्या आरंभी त्यांच्या कोंकणी गीतांच्या तबकड्या आल्या. त्यांतले ‘बेबदो’ गोवेकरांच्या तोंडी अजूनही आहे. पाश्चात्त्य जॅझचा ठेका आणि मातृभाषेचे शब्द यांचा तो मेळ त्या पिढीला अगदी नवा होता. मग हा आवाज थांबला. थोडाथोडका नव्हे, वीस वर्षांहून अधिक काळ थांबला. ऐन उमेदीची वर्षे मौनात गेली. तिकडे जुन्या तबकड्या मात्र घरोघरी वाजतच होत्या. गायिका गप्प आणि गाणे चालू, अशी ही विलक्षण स्थिती. 1995 मध्ये संगीतकार रॉनी मोन्सेरात यांच्या साथीने ‘हॅलो लॉर्ना’ हा नवा संग्रह घेऊन त्या परतल्या आणि गोव्याने त्यांना डोक्यावर घेतले. त्या जुन्या काळाच्या प्रेरणेतून पुढे ‘नाचूंया कुंपासार’ हा कोंकणी चित्रपट निघाला आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला.

लॉर्नांच्या या परतीचा विचार करताना मला बँकेतला एक नियम आठवतो. बचत खात्यावर दोन वर्षे खातेदाराने कोणताही व्यवहार केला नाही, तर ते खाते निष्क्रिय समजले जाते. पुष्कळांना वाटते, संपले, पैसे बुडाले. तसे होत नाही. शिल्लक खातेदाराचीच राहते आणि तिच्यावर व्याजही जमा होत राहते. दहा वर्षे उलटली, तर रक्कम रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण व जागरूकता निधीत वर्ग होते; परंतु तेव्हाही खातेदार किंवा त्याचे वारस येऊन ती मागू शकतात. ओळख पटवायची, कागदपत्रे नव्याने द्यायची, खाते पुन्हा चालू. निष्क्रिय खाते आणि बंद खाते यांत हा मोठा भेद आहे. लॉर्नांचे वीस वर्षांचे मौन हे निष्क्रिय खाते होते. लोकांच्या प्रेमाची शिल्लक त्यावर वाढत राहिली होती; खातेदाराने येऊन स्वाक्षरी करण्याचाच काय तो अवकाश होता.

सर्वांची वाट मात्र एकच नसते. आशा भोसले यांनी खाते कधी निष्क्रिय होऊच दिले नाही. 1943 मध्ये ‘माझं बाळ’ या मराठी चित्रपटातून सुरुवात केलेल्या आशाताईंचा आवाज 1995 मध्ये ‘रंगीला’तील तरुण नायिकेला शोभून दिसला, तेव्हा त्यांनी बासष्टी गाठली होती. 1997 मध्ये लेस्ली लुईस यांच्यासमवेत ‘जानम समझा करो’ हा पॉप संग्रह त्यांनी केला. ज्या वयात लोक जुन्या सत्कारांवर दिवस काढतात, त्या वयात त्यांनी नव्या पिढीच्या वाद्यमेळाशी जुळवून घेतले.

फाल्गुनी पाठक यांचे उदाहरण आपल्या गुजराती-मारवाडी घरांना अधिक जवळचे. 1998 मध्ये ‘याद पिया की आने लगी’ने त्यांचे नाव देशभर झाले, आणि पुढच्याच वर्षी ‘मैंने पायल है छनकाई’ आले. पहिल्या यशानंतरच्या दुसऱ्या पावलाची कसोटी त्यांनी लगोलग पार केली. पुढे पॉप संग्रहांचा बाजारच ओसरला. ध्वनिफितींची दुकाने उठली, आमच्या बाजारपेठेतीलही उठली. त्या काळात अनेक गायिका विस्मृतीत गेल्या. फाल्गुनीबेनांनी मात्र नवरात्रीचे व्यासपीठ सोडले नाही. दरवर्षी नऊ रात्री, हजारो माणसांसमोर. व्यापाऱ्याच्या भाषेत बोलायचे, तर मोठी उलाढाल थांबली तरी त्यांनी रोजची विक्री चालू ठेवली. म्हणून आजची मुलेही त्यांना ओळखतात.

परदेशातील एक उदाहरण माझ्या नातीमुळे कळले. इंग्लंडच्या अडेल या गायिकेचा पहिला संग्रह 2008 मध्ये आला, दुसरा 2011 मध्ये, आणि त्याच वर्षी घशावर शस्त्रक्रिया करावी लागली. तिसरा संग्रह 2015 मध्ये आणि चौथा 2021 मध्ये. चार संग्रहांना तिने आपल्या वयाचे आकडेच नावे म्हणून दिले: 19, 21, 25, 30. मला हे फार मार्मिक वाटले. एकोणिसाव्या वर्षीचे गाणे तिसाव्या वर्षी मागू नका, असे त्या बाईने मुखपृष्ठावरच सांगून टाकले आहे.

आता घरातले सांगतो. माझी धाकटी बहीण तळेगावला शाळेत असताना स्तवनांच्या स्पर्धेत नेहमी पहिली येई. विवाह जिल्ह्यातल्याच एका कापड व्यापाऱ्याच्या घरी झाला. घर, मुले, सासूबाईंचे दीर्घ आजारपण, सणासुदीला दुकानातील मदत, यांत चोवीस वर्षे गेली. तिला गाऊ नको असे कोणी म्हटले नाही. गा असेही कोणी म्हटले नाही. मुले मार्गी लागल्यावर तिने पेटी दुरुस्त करून घेतली आणि वर्षभर पहाटे रियाझ केला. पर्युषणातील भक्तिसंध्येत ती पुन्हा बसली. पूर्वी काळी पाचमध्ये गाणारी ती आता काळी चारमध्ये गात होती, आणि तार सप्तकाकडे फारशी जात नव्हती. परंतु एकेक शब्द असा ठेवत होती, की ऐकणारा अंतर्मुख व्हावा. कार्यक्रम संपल्यावर आमच्याच नात्यातील दोघीजणी म्हणाल्या, “छान झालं हो, पण पूर्वीची सर नाही.” ते तिने ऐकले. पुढच्या संध्याकाळी ती सभागृहात मागच्या रांगेत बसली होती.

माझे मेहुणे मितभाषी गृहस्थ. त्या रात्री मला म्हणाले, “भाऊसाहेब, दुकानाची जागा बदलली तर लोक पेढे घेऊन येतात. हिची पट्टी बदलली तर मात्र जुनाच भाव विचारतात.” त्यांच्या या एका वाक्यापुढे बोलण्यासारखे माझ्यापाशी काही उरले नाही.

आपल्या तत्त्वज्ञानाने याचे उत्तर फार पूर्वीच देऊन ठेवले आहे. उत्पाद, व्यय आणि ध्रौव्य या तिन्हींनी युक्त असते ते सत्, हे तत्त्वार्थसूत्राचे सांगणे आपण स्वाध्यायात ऐकतो. सोन्याचे कडे मोडून हार घडवला, तर कड्याचा व्यय झाला, हाराचा उत्पाद झाला, सोने मात्र तेच राहिले. सराफी करणाऱ्या आपल्या समाजाला याहून सोपा दृष्टान्त कोणता द्यावा? गायिकेच्या कंठातही हेच घडते. वयाबरोबर वरच्या स्वरांची चपळाई जाते, खालच्या स्वरांना गांभीर्य येते, आणि गाणारा जीव तोच असतो. आपण मात्र कड्याचाच आग्रह धरून हाराला नावे ठेवतो. हा आग्रहही एक परिग्रहच आहे. गायिकेने कीर्तीचा मोह सोडावा असे आपण सहज म्हणतो. श्रोत्यानेही जुन्या गाण्याचा मोह थोडा सैल करावयास हवा.

व्यवहाराची एक बाजूही सांगितली पाहिजे, कारण आपण व्यवहारी माणसे आहोत. ‘कजरा रे’सारख्या गीतासाठी आपल्याला पंधरा हजार रुपयांचा धनादेश आला होता, असे अलिशा चिनॉय यांनी स्वतः मुलाखतींत सांगितले आहे. गीत किती वाजले आणि गायिकेच्या हाती काय आले, हा ताळेबंद प्रत्येकाने मांडून पाहावा. 2012 मध्ये कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली आणि गायनाच्या व्यापारी वापरावर गायकाचाही मोबदल्याचा हक्क मान्य झाला. पुढच्या वर्षी गायकांच्या हक्कांसाठी संस्थाही नोंदली गेली. आज आपल्या घरांतील मुली-सुना स्तवने ध्वनिमुद्रित करून यूट्यूबवर ठेवतात, काहींना कंपन्या विचारतात. मालाचा सौदा आपण कच्च्या चिठ्ठीवर करत नाही; मग आवाजाचा सौदा तोंडी का करावा? ध्वनिमुद्रणाचा खर्च कोणाचा, गीतावर मालकी कोणाची, दुसऱ्याकडे गाण्याची मोकळीक आहे की नाही, हे आधी कागदावर आणावे. परतणाऱ्या गायिकेची भीड अधिक असते. बोलावले हेच पुष्कळ, असे तिला वाटते. म्हणून घरातील जाणत्याने तिच्या बाजूला बसून करार वाचावा.

आणखी एक गोष्ट मनात खुपते. मुलाचे पहिले दुकान बसले तर आपण दुसऱ्यासाठी भांडवल उभे करतो, प्रसंगी घर तारण ठेवतो. त्याला आपण अनुभव म्हणतो. घरातील सुनेने वीस वर्षांनी पेटीला हात लावला, तर मात्र “आता या वयात?” असे सहज बोलून जातो. तिला भांडवल फारसे लागतच नाही. पहाटेचा एक तास, बंद होऊ शकणारे एक दार, आणि त्या तासात कोणी चहा मागू नये एवढी शिस्त. इतका बिनव्याजी कर्जपुरवठा कोणत्याही घराला परवडतो.

पर्युषण जवळ येत आहे. वडगाव, कामशेत, तळेगाव, लोणावळा, सगळीकडे भक्तिसंध्यांच्या याद्या तयार होत असतील. आयोजकांना माझी विनंती आहे की, यादीत दोन जागा अशा बहिणींसाठी राखाव्यात, ज्या पूर्वी गात होत्या आणि मध्यंतरी थांबल्या. त्यांना जुने गाजलेले स्तवन म्हणावयास सांगू नये. हल्ली काय बसवले आहे, ते विचारावे. आणि आपण श्रोत्यांनी ते पहिल्यांदाच ऐकतो आहोत, असे समजून ऐकावे.

माझ्या बहिणीने पुढच्या वर्षी पुन्हा नाव दिले. पट्टी काळी चारच ठेवली.