हौद्यावरचं झाकण

ह्यूस्टनमध्ये एसी दुरुस्तीची कामं करणाऱ्याच्या पिकअपमध्ये काय असतं, हे चोराला वेगळं सांगावं लागत नाही. व्हॅक्यूम पंप, जुन्या युनिटमधला गॅस काढून घेणारं रिकव्हरी मशीन, गेजचा संच, बॅटरीवरची ड्रिल मशीनं, तांब्याच्या नळीची वेटोळी. यातली कुठलीही वस्तू एकटा माणूस उचलून नेऊ शकतो आणि संध्याकाळपर्यंत विकू शकतो. त्यात गाडीच्या दारावर धंद्याचं नाव नि फोन नंबर रंगवलेला असतो.

माझी पिकअप जुनी घेतलेली, हौदा साडेसहा फुटी. आधीच्या मालकाने त्यावर काळ्या व्हिनाइलचं गुंडाळायचं कव्हर बसवलेलं होतं. हौद्याच्या दोन्ही कडांना ॲल्युमिनियमच्या पट्ट्या, त्यांना वेल्क्रो, आणि मागची आडवी दांडी खटक्यात अडकवायची. ओढून घेतलं की आतला माल दिसत नाही, पाऊस बराचसा बाहेर राहतो, हायवेवर काही उडत नाही. एवढ्या कामांना ते उत्तम आहे, आणि दोन-चारशे डॉलरांत मिळतं.

एका अपार्टमेंटच्या गच्चीवर काम चालू असताना त्या कव्हरला चीर पडली. भर दुपारी, इतर गाड्यांच्या गर्दीत. कुलूप तोडलेलं नव्हतं, कारण तोडायला कुलूपच नव्हतं. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत ब्लेड फिरवलेलं, आणि हात पोचेल तेवढ्यातला पंप आणि बॅटऱ्या गेलेल्या. टेक्सासच्या दंडसंहितेच्या कलम ३०.०४ नुसार चोरीच्या हेतूने गाडीच्या कुठल्याही भागात शिरणं हा गुन्हा आहे, शिक्षा एक वर्षापर्यंत कैद किंवा चार हजार डॉलरपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पोलिसांनी तक्रार नीट नोंदवून घेतली आणि वस्तूंचे सीरियल नंबर विचारले. पंपाचा नंबर जुन्या पावतीवर होता, तो दिला. बॅटऱ्यांचे नंबर कुठेच लिहिलेले नव्हते.

सांगलीला आमच्या काकांचा ट्रक होता. मार्केट यार्डातून हळदीची पोती भरली की वर ताडपत्री आणि तिच्यावर आडवेतिडवे दोर. पण गाडी रात्री ढाब्यावर थांबली की क्लीनर त्या ताडपत्रीवर झोपायचा. ताडपत्री पावसासाठी, राखणीला माणूस, हा हिशेब सगळ्यांना ठाऊक होता. अमेरिकेत पार्किंगमध्ये गाडी दिवसभर एकटी असते, आणि कव्हर विकणारा दुकानदार ताडपत्री आणि क्लीनर ही दोन्ही कामं एकाच वस्तूकडून होतील असं सुचवत असतो.

मग कडक कव्हर बघायला लागलो. फायबरग्लासचं एकसंध झाकण दिसायला देखणं. त्याला कुलूप असतं, वर उचललं की गॅसच्या दांड्यांवर उभं राहतं. पण एसीचं बाहेरचं युनिट उभंच न्यावं लागतं. ते न्यायचं तर हे झाकण दोघांनी मिळून काढून घरी ठेवायचं, म्हणजे रोजच्या धंद्यात ते निरुपयोगी. दुसरा प्रकार दुकानाच्या शटरसारखा, पट्ट्यांचा पडदा केबिनमागच्या डब्यात सरकत जातो. मजबूत आणि सोयीचा, पण तो डबा हौद्याची जवळजवळ फूटभर जागा खातो आणि किंमत पंधराशे डॉलरच्या पुढे जाते. मी घेतलं ते घडीचं: आत फोम आणि वरखाली ॲल्युमिनियमचा पत्रा असे तीन पाट, केबिनकडे दुमडत जाणारे. पट्ट्या हौद्याच्या कडेला आतून आवळलेल्या, खटकेही आतल्या बाजूला. बाहेरून स्क्रू दिसत नाही, ब्लेड चालत नाही.

बसवणारा मेक्सिकन म्हातारा कामात मुरलेला होता. कव्हर लावून झाल्यावर त्याने मागचा फाळका खाली पाडला, हात आत घातला, खटक्याची तार ओढली आणि शेवटचा पाट एका हाताने वर केला. या सगळ्याला चहाचा घोट घेण्याएवढाही वेळ लागला नाही. घडीच्या कव्हरला बहुधा स्वतःचं कुलूप नसतं. फाळका बंद आहे म्हणून खटक्यापर्यंत हात पोचत नाही, इतकंच त्याचं संरक्षण. माझ्या गाडीच्या फाळक्याला साधी मूठ होती, कुलूप नव्हतं. शे-दीडशे डॉलरची एक मोटर येते, ती दारांच्या लॉकला जोडली की रिमोट दाबल्यावर फाळकाही बंद होतो. ती बसवली. शिवाय त्याने बिजागरीवर पाइपला लावतात तसा पट्ट्याचा क्लॅम्प आवळून दिला. बऱ्याच पिकअपचा फाळका अर्धवट उघडून तिरका धरला की बिजागरीतून अलगद निघतो. मागचा कॅमेरा त्यातच असल्यामुळे फाळक्यालाच चांगली किंमत येते, आणि नुसते फाळके चोरणारेही आहेत.

कव्हरची परीक्षा माझ्याच दारात झाली. सकाळी पाहिलं तर शेवटच्या पाटाची कड वर वाकलेली आणि खाली पहारीचा ओरखडा. समोरच्या घरच्या कॅमेऱ्यात सगळं आलं होतं. माणसाने पहिला हात घातला तो फाळक्याच्या मुठीला. ती हलली नाही, तेव्हा त्याने पहार लावली. पत्रा करकरला, कुणाचं तरी कुत्रं भुंकलं, आणि तो गेला. पाट बदलायला पैसे पडले, पण आतला माल जागेवर होता. ते चित्रण पाहताना माझ्या लक्षात आलं की कव्हर न फुटणारं नसतंच, ते त्याला त्याच्या सोयीपेक्षा जास्त वेळ आणि आवाज करायला लावतं. ब्लेड वापरणाऱ्याला आवाज करावा लागला नव्हता.

एक भोक अजून आहे. फाळक्याचं कुलूप दारांच्या लॉकला जोडलेलं, म्हणजे केबिनची काच फोडून आतलं बटण दाबलं की फाळका उघडला. बसवणाऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, वेगळ्या किल्लीचं कुलूप लाव, पण मग ते रोज आठवणीने लावावं लागेल. मी रिमोटवरच राहिलो, आणि सीटवर बॅग किंवा फोनची वायरही दिसणार नाही एवढं पाहतो. काच फोडायला निमित्त लागतं.

विम्याची गोष्ट कव्हर विकणारे काढत नाहीत. इथल्या गाडीच्या विम्यात गाडी येते, हौद्यातली हत्यारं सहसा येत नाहीत. बाहेरून बसवलेलं कव्हरही कधी वेगळं नोंदवावं लागतं. घराच्या विम्यात घरगुती सामान येतं, पण धंद्याच्या वस्तू घराबाहेर असतील तर मर्यादा बरीच खाली येते. पंपाचे पैसे मला मिळाले नाहीत ते याच फटीत. आता हत्यारांचा स्वतंत्र विमा आहे, आणि प्रत्येक यंत्राच्या सीरियल नंबरचा फोटो फोनमध्ये आणि बायकोच्या मेलमध्ये आहे.

उभं युनिट नेताना पाट दुमडावेच लागतात आणि हौदा उघडा पडतो. त्या दिवशी रिकव्हरी मशीन आणि गेज हौद्याच्या पुढच्या बाजूला बोल्टने जखडलेल्या लोखंडी पेटीत जातात, आणि जेवायला मी गाडी दिसेल अशाच ठिकाणी बसतो. धंद्यात नवी आलेली मुलं कुठलं कव्हर घेऊ म्हणून विचारतात. मी म्हणतो, आधी फाळक्याला कुलूप लाव आणि हत्यारांचा विमा काढ. मग उरलेल्या पैशांत जे बसेल ते कव्हर घे.