पत्र्यावरचा उजेड

मिरजेतल्या आमच्या गॅरेजमध्ये एक ट्यूबलाइट होती. ती छताला नव्हती. भिंतीवर, माणसाच्या कमरेएवढ्या उंचीवर आडवी बसवलेली होती. गिऱ्हाईक विचारायचं, ‘चाचा, हा दिवा एवढा खाली का?’ अब्बा नुसते हसायचे. ते डेंटिंग-पेंटिंगचे मिस्त्री. पत्रा ठोकून, लांबी भरून, पॉलिश पेपर मारून, रंग देऊन झाला की दरवाजा त्या ट्यूबसमोर उभा करायचे. मग उकिडवे बसून, एक डोळा मिटून पत्र्यात पडलेली ट्यूबची रेघ बघायचे. रेघ सरळ धावली तर काम झालं. कुठे जरा वाकली की तिथे अजून खड्डा आहे. बोटाला न लागणारा खड्डा त्या रेघेला लागायचा.

मला त्या गॅरेजची लाज वाटायची. आज हे सहज लिहून टाकता येतं, तेव्हा मात्र फार जपावं लागायचं. कपड्यांना थिनरचा वास यायचा, म्हणून कॉलेजचा शर्ट मी गॅरेजपासून लांब, आतल्या खोलीत टांगायचो. १९९४ साली कुवेतहून आलेल्या मामूंनी मला कॅमेरा दिला, तेव्हा वाटलं, चला, आता या पत्र्यातून सुटका झाली. अब्बांनी अडवलं नाही. एवढंच म्हणाले, की आपल्या गावच्या शिकलगारांचे पूर्वज हत्यारांना धार लावायचे. हत्यारांचा जमाना गेला तेव्हा त्यांनी सतार हातात घेतली. हात तोच राहिला, काम बदललं. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा मला अब्बांचं ते वाक्य आठवलं. त्या दिवशी मात्र ते माझ्या डोक्यावरून गेलं होतं.

काही वर्षं लग्नाचे फोटो काढले आणि २००१ साली पुण्यात मोटारींच्या एका मासिकात काम मिळालं. पहिलीच गाडी काळी निघाली. तेव्हा आम्ही स्लाइड फिल्म वापरायचो. एका रोलमध्ये छत्तीस फोटो, आणि उजेडाचा अंदाज जरा चुकला तरी स्लाइड माफ करत नसे. मी भर दुपारी, कडुनिंबाच्या झाडाजवळ गाडी उभी करून अख्खा रोल संपवला. स्लाइडा धुऊन आल्या. बॉनेटवर कडुनिंब होता, दारावर चहाची टपरी होती, विजेच्या तारा होत्या, आणि या सगळ्यांच्या मधोमध तिपाई घेऊन उभा असलेला मी होतो. संपादक काचेखाली स्लाइडा बघत म्हणाले, ‘यात गाडी कुठाय? हे तर तुझं आत्मचरित्र दिसतंय.’ सगळं ऑफिस हसलं.

त्याच आठवड्यात ईद होती. घरी आलो, पण शीरखुर्मा गोड लागेना. रात्री अब्बांना सगळं सांगितलं. ते मला गॅरेजमध्ये घेऊन गेले. बाकीचे दिवे बंद केले, ती खालची ट्यूब लावली आणि एका टॅक्सीच्या दारासमोर मला बसवलं. म्हणाले, ‘गाडी कू मत देख. गाडी में क्या दिखरा, वो देख.’ मग खांद्याला धरून मला हळूहळू सरकवत राहिले. दोन पावलं डावीकडे, जरा खाली, अजून खाली. आधी दारात भिंत होती, खुंटीवरचे कपडे होते, डबे होते. एका जागी आलो आणि सगळं गेलं. काळ्या पत्र्यावर एक पांढरी रेघ तेवढी राहिली आणि त्या रेघेने दाराचा सगळा घाट उलगडून दाखवला.

मोटारीच्या फोटोग्राफीतलं मर्म यातच आहे. चकचकीत गाडी म्हणजे वळणं असलेला आरसा. आपण गाडीवर उजेड पाडतो असं वाटतं. खरं तर गाडीला काय दिसेल ते आपण ठरवत असतो. पोलरायझर फिल्टर मदत करतो, पण तो ठरावीक कोनातली चमक कापतो. वाकणाऱ्या पत्र्यावर एका जागची गेली की दुसऱ्या जागची उरतेच. म्हणून मी दुपार सोडली. मगरिबच्या अजाननंतरची पंधरा-वीस मिनिटं माझी झाली. सूर्य बुडालेला असतो, पश्चिमेचं आभाळ मात्र उजळलेलं असतं, आणि ते आभाळ म्हणजे अब्बांचीच ट्यूब, फक्त कोसभर लांब. पुढची चाकं किती वळवली म्हणजे रिमचं तोंड कॅमेऱ्याकडे येतं, धावत्या गाडीबरोबर कॅमेरा कसा फिरवावा, एकतीसांश सेकंदाच्या आसपास शटर ठेवलं तर गाडी स्थिर आणि रस्ता वाहता कसा दिसतो, हे सगळं पुढे सरावाने आलं.

कामं वाढली. डिजिटल कॅमेरा आला, रोल मोजणं संपलं. लडाखला गेलो, कच्छच्या रणात गेलो, कोकणातला जवळजवळ प्रत्येक घाट उतरलो. पैसे मिळाले, नाव झालं. आणि एके दिवशी पाच-सहा वर्षांचे फोटो टेबलावर मांडून बसलो, तेव्हा पोटात गोळा आला. लेह असो की आंबा घाट, फोटो एकच होता. गाडी तिरकी उभी, मागे डोंगर, रस्ता रिकामा. रस्ता रिकामा व्हावा म्हणून मी तासन्‌तास थांबलो होतो, माणसांना हात करून बाजूला सारलं होतं. सगळीकडे फिरलो होतो आणि एकाही गावाची खूण फोटोत नव्हती.

त्याच सुमारास पुण्यातल्या एका मित्राकडे रघुबीर सिंग यांचं ‘अ वे इन्टु इंडिया’ हे पुस्तक पाहिलं. १९९९ साली ते गेले, पुस्तक नंतर आलं. त्यात सगळीकडे अ‍ॅम्बॅसडर गाडी आहे, पण अख्खी गाडी फारशी दिसत नाही. कुठे उघडं दार, कुठे खिडकी, कुठे आरसा, आणि त्यातून दिसणारी माणसं, गल्ल्या, पाऊस. गाडीची त्यांनी चौकट केली होती. मी मात्र अख्ख्या देशाची गाडीसाठी चौकट केली होती. तसाच फ्रेंच छायाचित्रकार लार्तिग यांचा शर्यतीचा फोटो. गाडी पुढे निघून चाललेली, अर्धी कापली गेलेली. चाक पुढे कललेलं आणि कडेचे प्रेक्षक मागे कललेले. त्यांना स्वतःला तो फसलेला वाटला होता, कित्येक वर्षं तसाच पडून होता. आज वेगाचा फोटो म्हटलं की तोच आठवतो.

पुस्तकातून समजलं, पण अंगी लागलं ते रस्त्यावर. २०१० चा हिवाळा. सांगली-कोल्हापूर पट्ट्यात गळीत हंगाम जोरात होता. एका कंपनीची नवी, काळी गाडी घेऊन आम्ही एका चढावर थांबलो होतो. माझी ती वीस मिनिटं सुरू झाली आणि खालून उसाच्या बैलगाड्यांची रांग आली. मी सवयीने हात केला, ‘थांबा, थांबा!’ पहिली गाडी थांबली. कासरा एका बाईच्या हातात होता. बोली बीडकडची वाटली. ती चिडली नाही. म्हणाली, ‘साहेब, चढावर थांबवलंत. आता बैलांनी पुन्हा जोर कुठनं आणायचा?’

खरंच, बैल हलेनात. मागे आठ-दहा गाड्या खोळंबल्या. मी कॅमेरा गळ्यात टाकला, माझा मदतनीस आणि मी चाकाला खांदा लावला. गाडी हलेपर्यंत उजेड जवळजवळ गेला होता. परत वळलो तर काळ्या दारात ती अख्खी रांग दिसत होती. बैलांची शिंगं, उसाचे उंच भारे, वर बसलेली पोरं, आणि त्यांच्यावरून जाणारी आभाळाची एक रेघ. मी एकच फोटो काढला. कंपनीने तो नाकारला. ‘यात गाडी कुठाय?’ तोच प्रश्न, नऊ वर्षांनी. या वेळी मला हसू आलं.

तो फोटो मोठा छापून मिरजेला नेला. अब्बांच्या डोळ्यांत तोवर मोतीबिंदू उतरला होता. विम्याच्या गाड्या कंपनीच्या वर्कशॉपकडे जाऊ लागल्यामुळे गॅरेजचं कामही ओसरलं होतं. त्यांनी फोटो त्या ट्यूबसमोर तिरका धरला, दरवाजा तपासतात तसा. बराच वेळ बघितला. म्हणाले, ‘लाइन सीधी है.’ त्यांच्या तोंडून मला मिळालेली ही एकमेव दाद. मग विचारलं, ‘इस औरत का नाम क्या?’

मला माहीत नव्हतं. विचारायचं सुचलंच नव्हतं.

त्या दिवशी मी त्यांना म्हटलं, ‘अब्बा, बसा ना, नेहमीसारखे.’ ते उकिडवे बसले, एक डोळा मिटला. मी फोटो काढला. काळ्या दारात ट्यूबची रेघ आहे, अब्बा आहेत आणि त्यांच्या मागे कॅमेरा धरलेला मी आहे. पूर्वीचा मी असतो तर दोन पावलं सरकून स्वतःला त्यातून काढलं असतं. सरकलो नाही. आता प्रवासाला निघताना माझ्या वहीत गाडीच्या नंबराशेजारी एक रकाना असतो, नावाचा. पहिल्या ओळीत अब्बांचं नाव आहे. दुसरी ओळ मी कोरी ठेवली आहे, त्या बाईसाठी.