सहाशे नळ्या आणि एक चेहरा

फिनिश संगीतकार यान सिबेलियसनं आपल्या घरात नळ येऊ दिला नाही. हेलसिंकीच्या उत्तरेला यार्वेनपा गावाजवळ आयनोला नावाचं त्याचं लाकडी घर आहे. तिथं तो १९०४ पासून राहिला. नळातून पाणी खळखळायला लागलं की डोक्यातले सूर विस्कटतील, ही त्याची धास्ती. १९५७ मध्ये तो गेला, त्यानंतरच त्या घरात नळ आले. आणि पुढच्या दहा वर्षांत हेलसिंकीत त्याचं स्मारक उभं राहिलं, ते सहाशेहून जास्त पोलादी नळ्यांचं. दैवाचे विनोद असे असतात.

शहराच्या त्योलो भागात, समुद्राला लागून असलेल्या बागेत हे शिल्प आहे. भोवती बर्चची पांढरी खोडं, खाली उघडा खडक आणि त्या खडकावर, जमिनीला बहुतेक ठिकाणी न टेकता, चकाकणाऱ्या नळ्यांचा थवा. उंची साडेआठ मीटर, लांबी साडेदहा, वजन २४ टन. आकडे वाचून डोळ्यांसमोर येतो तो एखादा कारखाना. प्रत्यक्षात ते २४ टन हवेत थांबल्यासारखे दिसतात. कुठं नळ्या दाटीनं वर चढतात, कुठं एकदम पायरी सोडून खाली येतात. जवळ गेलं की कळतं, पोलाद गुळगुळीत नाही. त्यावर खरबरीत रेघा आहेत, झाडाच्या सालीसारख्या. नळ्यांच्या कडा कापलेल्या, फाटलेल्या. ढग आला की सगळं करडं होतं, ऊन पडलं की तेच पोलाद पाण्यासारखं हलायला लागतं.

हे केलं एइला हिल्टुनेन या शिल्पकार बाईंनी. जन्म १९२२ चा, सोर्तावालाचा. ते गाव पुढं युद्धात रशियाकडं गेलं. त्या काळात स्मारक म्हटलं की मातीत घडवायचं आणि ब्राँझमध्ये ओतून घ्यायचं, ओतणारे कारागीर वेगळे. हिल्टुनेनबाई वेल्डिंग शिकल्या आणि स्वतःच हातात टॉर्च धरून नळीला नळी जोडत गेल्या. काही वर्षं हेच चाललं होतं. नळ्यांवरच्या त्या खरबरीत रेघा म्हणजे त्यांच्या हाताची लय आहे, असं मला वाटतं. ओतीव कामात ती इतकी उघडी राहिली नसती. शिल्पाला त्यांनी नाव दिलं ‘पास्सिओ मुसिके’.

त्याआधीचं भांडण मात्र मोठं रंगलं. स्पर्धा सिबेलियस सोसायटीनं घेतली होती, दोन फेऱ्यांची, १९६० नंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत. हिल्टुनेनबाईंचा आराखडा निवडला गेला आणि लोक विचारू लागले, यात सिबेलियस कुठं आहे? हा राग समजण्यासारखा होता. १८९९ मध्ये, फिनलंड रशियाच्या झारच्या अमलाखाली असताना, ‘फिनलंडिया’ रचणारा हा माणूस. त्या सुरांतून देशाला आपला कणा सापडला. असा माणूस म्हणून नळ्या दाखवायच्या? काहींना त्यात चर्चमधला ऑर्गन दिसला आणि त्यांनी लगेच बोट ठेवलं की सिबेलियसनं ऑर्गनसाठी फारसं लिहिलंच नाही. शेवटी तडजोड झाली. नळ्यांशेजारी, वेगळ्या खडकावर, सिबेलियसचा धातूचा चेहरा बसवला. ७ सप्टेंबर १९६७ ला अनावरण झालं तेव्हा दोन्ही होते, शिल्प आणि शिल्पाचा खुलासा.

त्या चेहऱ्यावर मी फारसा रागावू शकत नाही. पण एक गोष्ट मला सारखी खटकते. एखादी बाई भूपाचा आलाप घेत बसते. शब्द नाहीत, गोष्ट नाही, अर्धा अर्धा तास फक्त गंधारावर येणं आणि तिथून निघणं. समोरचा श्रोता डोळे मिटून मान डोलावतो. हा कशाचा आवाज आहे, असं तो विचारत नाही. तोच श्रोता बाहेर येऊन बागेतल्या अमूर्त शिल्पापुढं उभा राहतो आणि पहिलाच प्रश्न टाकतो, हे आहे तरी काय? कानाला आपण जी मोकळीक देतो ती डोळ्याला द्यायला तयार नसतो. सिबेलियसच्या सात सिंफनींतही शब्द नाहीत. ‘फिनलंडिया’तल्या संथ धुनेवर जे गीत सगळा देश गातो, तेही दुसऱ्यानं, चाळीसेक वर्षांनी चढवलेलं. मूळ संगीताला चेहरा नव्हता, मग स्मारकालाच का हवा?

आपल्याकडचा एक दाखला घ्यावासा वाटतो. अयोध्येच्या लता मंगेशकर चौकात २०२२ मध्ये वीणा उभारली. चाळीस फुटांची, १४ टनांची. ती घडवणारे धुळे जिल्ह्यातल्या गोंदूरचे राम सुतार. तिथं कुणाला काही विचारावं लागत नाही. वीणा आहे, लांबूनच ओळखू येते, नमस्कार करून माणूस पुढं जातो. सुतारांच्या हाताबद्दल शंका नाही. पण वाद्य चाळीस फुटांचं केल्यानं आवाज चाळीस फुटांचा होत नाही. हेलसिंकीत आवाजालाच जागा दिली आहे.

ही जागा खरीच आहे. नळ्या दोन्ही टोकांना उघड्या आणि शिल्पाच्या खाली माणूस उभा राहू शकतो. समुद्रावरचा वारा घुसला की वर घुमल्यासारखं होतं. उघडी नळी आपल्या लांबीनुसार ठरावीक स्वरालाच नीट साथ देते. काळी एकच्या षड्जाला, म्हणजे आपल्याकडच्या कितीतरी गवयांच्या ‘सा’ला, साधारण सव्वा मीटरची नळी लागते. त्या सहाशेंमध्ये तशी एखादी असेलही. म्हणून त्या नळ्यांखाली एखादा पुणेकर मान वर करून, जवळपास कुणी नाही ना याची खात्री करून ‘सा’ लावताना दिसला तर नवल नको. आणि तो नीट लागेपर्यंत पर्यटकांची बस येतेच. मंडळी उतरतात, थेट चेहऱ्याकडं जातात, आणि त्याच्याबरोबर फोटो काढायला रांग लावतात.