गोळी हातावर, ज्ञान कपाटात

दवाखान्यावर मोर्चा न्यायचा म्हटलं की आपण डॉक्टर मागतो, खाटा मागतो, औषधं मागतो. मागायलाच पाहिजेत. पण आणखी एक चीज तिथं आपल्याला मिळत नाही, आणि मिळाली नाही हे कळतही नाही. ती म्हणजे आपल्याच आजाराची माहिती. हजारो वर्षं अक्षर आपल्यापासून कुलपात ठेवलं. हे त्याच कुलपाचं धाकटं भावंड.

माझी माय पिंपळनेरची. पांझरेच्या काठानं लोकांच्या शेतात कांदा लावता-काढता तिची जिंदगी गेली. तिला टीबी झाला. गोळ्या फुकट मिळाल्या. पण त्या वरून, हाताला हात लागू नये अशा बेतानं, तळहातावर पडल्या. ‘रोज घे’, बस्स. दुसऱ्याच दिवशी लघवी लालसर झाली. माय हबकली. म्हणाली, ‘भाऊ, आंगमाईन रक्त जाई ऱ्हायनं. माले नको त्या गोया.’ आणि मी गिरणीवर परतल्यावर पुडकं पत्र्यात खोचून टाकलं. महिना तसाच गेला.

मग एक सिस्टर वस्तीत आली. ओट्यावर मायजवळ बसली. तिचं मनगट हातात घेतलं. आमच्या माठातलं पाणी प्याली. म्हणाली, तो रंग रिफाम्पिसिन नावाच्या औषधाचा, रक्ताचा नाही. पहिले दोन महिने चार औषधं, पुढचे चार महिने तीन. काही आठवड्यांत बरं वाटायला लागतं आणि तिथंच माणूस फसतो. गोळ्या सोडल्या की उरलेले जंतू औषधाला दाद देईनासे होतात. खोकताना तोंडाला पदर लावा, खिडकी उघडी ठेवा, घरातल्या सगळ्यांना तपासून घ्या.

एवढं सांगून ती उठली नाही. ‘मावशी, आते तुम्हीच माले सांगा,’ म्हणाली. माय अडखळत बोलली. जिथं अडली तिथं सिस्टरनं पुन्हा समजावलं. थुंकी पुन्हा तपासली, गोळ्या नव्यानं सुरू झाल्या. मायनं एकही दिवस चुकवला नाही. ती बरी झाली.

ही रीत माझ्या ओळखीची आहे. सूतगिरणीत तुटलेला धागा जोडायला जॉबरनं मला असंच शिकवलं. आधी करून दाखवलं, मग माझ्याकडून दहादा करून घेतलं. मालकाच्या सुतासाठी एवढा वेळ! आणि माणसाच्या फुप्फुसासाठी पाच मिनिटं नाहीत?

व्हर्जिनिया हेंडरसन या अमेरिकन परिचारिकेनं १९६६ च्या आपल्या पुस्तकात शुश्रूषेचा अर्थ मांडला. त्याचा सार असा : ताकद, इच्छा आणि ज्ञान असतं तर माणसानं स्वतःसाठी जे केलं असतं, ते करायला त्याला मदत करायची, आणि लवकरात लवकर त्याला कुणाची गरज उरणार नाही असं करायचं. दोस्तांनो, यातला ‘ज्ञान’ हा शब्द अधोरेखित करा. ज्यानं तो दाबून ठेवला त्यानं अर्धीच शुश्रूषा केली.

आपल्याकडे शुश्रूषेला आणखी एक कसोटी आहे : स्पर्श. १८९७ च्या पुण्याच्या प्लेगात सावित्रीबाईंनी मुंढव्याच्या महारवाड्यातलं आजारी पोर पाठीवर वाहून यशवंताच्या दवाखान्यात नेलं. त्याच साथीत १० मार्चला त्या गेल्या. १९७० पासून जामखेडला रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी गावच्या बायांनाच आरोग्याचं शिक्षण दिलं. त्यांतल्या कित्येक निरक्षर, कित्येक दलित. ज्या हातांचा विटाळ मानायचे त्या हातांनी बाळंतपणं केली, आणि त्याच बाया गावाला शिकवू लागल्या. ज्ञान द्यायला पदवीच लागते हे खोटं ठरलं.

बाबासाहेबांनी दिलेल्या मंत्रात ‘शिका’ पहिलं आहे. ते शाळेपुरतं नाही. दवाखान्यात तीन प्रश्न विचारा : हे औषध कशासाठी? किती दिवस? घेतल्यावर काय होईल? उत्तर मिळेपर्यंत खिडकी सोडू नका. टीबीच्या पेशंटला पोषणासाठी नोव्हेंबर २०२४ पासून महिन्याला १००० रुपये सरकारी मदत आहे, तीही मागून घ्या.

आणि आपल्या वस्तीत कुणाच्या गोळ्या चालू असतील तर जाऊन शेजारी बसा. भाषण ठोकू नका. त्याच्या बोलीत सांगा, आणि उठण्याआधी त्याच्याच तोंडून ऐका.